शेवटच्या खुर्चीवरून

“घरांत नवा दूरचित्रवाणी-संच घ्यावयाचा आहे, तो कोणता घ्यावा?” हा प्रश्न गेल्या कांहीं महिन्यांत परिचयाच्या इतक्या कुटुंबांतून आम्हांस विचारण्यांत आला आहे कीं, त्याचा एकदां सविस्तर परामर्श या सदरांत घ्यावा असें पुष्कळ दिवस मनांत होतें. विषय वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. दुकानांत जावें, भिंतीवर ओळीनें मांडलेल्या पडद्यांपैकीं जो डोळ्यांत भरेल त्यावर बोट ठेवावें आणि पैसे मोजून घरीं यावें. यांत विचार करण्याजोगें तें काय आहे, असें कोणासही वाटेल. आम्हांसही तसेंच वाटलें होतें. तें चुकीचें होतें हें कळावयास आम्हांस चार महिने लागले. आणि तेंही आमच्या स्वतःच्या हुशारीनें कळलें नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं जे साठीच्या पलीकडे गेले आहेत, त्यांस पहिल्या संचांची आठवण असेल. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि १९७३ सालीं सिंहगडावरील मनोऱ्यामुळें पुण्याच्या घरांतूनही चित्रें दिसूं लागलीं. वाड्यांत एखाद्याकडे संच असावयाचा आणि सायंकाळीं त्याच्या दाराशीं चपलांचा ढीग पडावयाचा. ‘गजरा’ असो कीं ‘साप्ताहिकी’ असो, बसावयास जागा मिळाली म्हणजे झालें, अशी सर्वांची वृत्ति. १९८२ सालीं चित्रांस रंग आले. १९८७ च्या जानेवारींत रामायणाची मालिका सुरू झाली, तेव्हां रविवारीं सकाळीं रस्ते ओस पडत, हें तर पुढच्या पिढीनेंही पाहिलें आहे. त्या संचांचें पोट मोठें असे. कारण आंतील काचेच्या नळींत मागून पुढें इलेक्ट्रॉनांचा झोत सोडावा लागे व त्यास लांबी हवी असे. त्या बेढब पोटाचा एक गुण मात्र होता. स्पीकरास ऐसपैस जागा मिळे आणि पुष्कळ संचांत त्याचें तोंड पडद्याशेजारींच, थेट ऐकणाऱ्याकडे असे. या गुणाची किंमत आम्हांस तो गेल्यावर कळली.

आज घरांतील बहुतेकांच्या हातांत एकेक स्वतंत्र पडदा आहे. मुलगा एका कोपऱ्यांत क्रिकेट पाहतो, सूनबाई दुसरीकडे पाककृति पाहतात, नातवंडांचें जग निराळेंच. सर्वांनीं मिळून पाहावयाचा असा पडदा घरांत एकच उरला आहे, तो दिवाणखान्यांतील भिंतीवरचा. म्हणूनच त्याची निवड ही केवळ यंत्राची निवड राहत नाहीं. रात्रीं जेवणें उरकल्यावर कोण कोणाशेजारीं बसणार, याचाही तींत निर्णय होतो.

आमच्या घरीं लहानथोर मिळून नऊ माणसें आहेत. २०२५ च्या गणपतींत, बारा वर्षें इमानें चाललेला आमचा ३२ इंची संच बंद पडला आणि नव्याची वाटाघाट सुरू झाली. मुलांचें म्हणणें, घ्यावयाचा तर मोठाच घ्यावा. आमचे धाकटे बंधु हिशेबी; त्यांनीं कराचा मुद्दा पुढें केला. ३२ इंचांहून मोठ्या संचांवर २८ टक्के वस्तु-सेवा कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर आला. तेव्हां मोठा संच घेण्यास हीच वेळ, असा त्यांचा युक्तिवाद. दसऱ्याच्या मुहूर्तावर आम्ही दोघे बंधु व मुलें अशी स्वारी दुकानांत गेली. अण्णांस, म्हणजे आमच्या वडिलांस, कोणीं विचारलें नाहीं. त्यांचें वय शहाऐंशी. ‘त्यांना काय, कोणताही चालेल,’ असें आम्हींच परस्पर ठरवून टाकिलें. दुकानांत पंचवीस-तीस पडदे एकाच वेळीं लखलखत होते. त्यांत जो सर्वांत अधिक लखलखत होता, तो ५५ इंची संच आम्हीं पसंत केला. दुकानाचा माणूस घरीं आला. मोकळ्या भिंतीखालीं पुस्तकांचें कपाट होतें, म्हणून त्यानें संच कपाटाच्या वर, उभ्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर टांगिला. समोर पश्चिमेची खिडकी. घरांत आनंदीआनंद झाला.

दिवाळी झाली, मार्गशीर्ष उजाडला. रात्रीच्या बातम्या आणि त्यानंतर एखादें जुनें नाटक वा चित्रपट, असा आमच्या दिवाणखान्यांतील नित्यक्रम. अण्णांनीं संस्कृत शिकविण्यांत चाळीस वर्षें घालविलेलीं. निवेदकानें ‘श’ आणि ‘ष’ यांत गल्लत केली कीं ते आरामखुर्चींतूनच दुरुस्ती करावयाचे आणि मुलें हंसावयाचीं. ते अण्णा हळूहळू येईनासे झाले. विचारलें तर ‘डोळे चुरचुरतात’, ‘आज पडावंसं वाटतं’ अशीं उत्तरें. आम्ही समजलों, वय झालें, थंडीही आहे. डॉक्टरांकडे नेऊन आणलें. वयोमानाप्रमाणें प्रकृति ठीक आहे, असें त्यांनीं सांगितलें. शेवटीं माघांतल्या एका रात्रीं आईनें आम्हांस स्वयंपाकघरांत गांठलें. ती म्हणाली, “त्यांना त्या नव्या टीव्हीतलं बोलणं कळत नाही रे. एकदा ‘काय म्हणाला?’ म्हणून विचारलं, तर पोरांनी ‘शू’ केलं. आवाज वाढवा म्हणावं तर तुम्हां सगळ्यांना त्रास. म्हणून उठून जातात झालं. जुन्या टीव्हीपाशी कधी उठले होते का?”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. सगळीं निजल्यावर आम्ही दिवाणखान्यांत गेलों, अण्णांच्या आरामखुर्चींत बसलों आणि संच लाविला. ती खुर्ची दाराजवळच्या कोपऱ्यांत, भिंतीपासून अकरा फुटांवर व पुष्कळशी एका बाजूस. तेथून पाहतां चित्रांतील माणसांचे चेहरे धुतल्यासारखे फिके दिसत होते. दिव्याचें प्रतिबिंब पडद्याच्या ऐन मध्यभागीं उभें होतें. मान वर करून करून पांच मिनिटांत अवघडली. आणि आवाज कपाटावर आपटून असा येत होता कीं, संगीत स्पष्ट ऐकूं यावें व शब्दांचें मात्र पिठलें व्हावें. चार महिने घरांत एक वस्तु होती आणि ती घरांतील सर्वांत वडील माणसासाठीं नव्हतीच, हें आम्हांस त्या खुर्चींत बसल्यावर अर्ध्या घटकेंत कळलें. लाज वाटली, हें लपविण्याचें कारण नाहीं. पुढील पंधरवड्यांत आम्हीं जें वाचलें, जाणत्यांस विचारलें आणि करून पाहिलें, त्याचें सार येथें देतों.

पहिली गोष्ट कोनाची. हल्लींचे सपाट पडदे मुख्यतः दोन जातींचे असतात. पहिली जात एलसीडीची. दुकानांत जीस एलईडी म्हणतात ती हीच. फक्त मागील दिवे एलईडीचे असतात, आणि क्यूएलईडी हेंही तिचेंच भावंड. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांस झिलमिली असत. त्यांच्या पट्ट्या कमीअधिक उघडल्या म्हणजे हवा तेवढा प्रकाश आंत येई. एलसीडींत मागें दिवे जळत असतात आणि पुढें द्रवस्फटिकांचा थर झिलमिलीचें काम करितो. झिलमिलींतून समोरून जें दिसतें तें बाजूनें तसेंच दिसत नाहीं. येथेंही तोच प्रकार. यांत पुन्हां दोन भेद आहेत. ‘व्हीए’ पडद्यांत काळा रंग चांगला गडद दिसतो, परंतु बाजूनें पाहणाऱ्यास सामान्यतः रंग फिके वाटतात. ‘आयपीएस’ पडद्यांत काळा रंग किंचित् राखी दिसतो, परंतु कोपऱ्यांतूनही चित्र बरेंच शाबूत राहतें. दुसरी जात ओलेडची. तींत प्रत्येक बिंदु स्वतःच प्रकाश देतो, मागें दिवा नसतो. त्यामुळें काळें तें काळेंच दिसतें आणि बाजूनेंही चित्र टिकतें. किंमत मात्र अधिक. शिवाय एकच स्थिर चिन्ह दररोज तासन्‌तास पडद्यावर राहिल्यास कालांतरानें त्याचा डाग उमटण्याचा संभव असतो. ज्यांच्या घरीं एकच बातम्यांची वाहिनी सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असते, त्यांनीं याचा विचार करावा. दोनच माणसें पडद्यासमोर बसणार असतील तर व्हीए उत्तम; नऊ माणसें खोलीभर पसरून बसणार असतील तर आयपीएस किंवा ओलेड बरा. दुकानांत पडद्यासमोर उभें न राहतां चार पावलें बाजूस सरून पाहावें. विक्रेत्यास कांहीं विचारण्याची गरजच पडणार नाहीं.

दुसरी गोष्ट आकाराची. संचाचें माप कर्णाचें असतें, रुंदीचें नव्हे. ५५ इंची संच सुमारें १२२ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट, रुंद असतो. आणि ३२ वरून ५५ वर गेलें कीं पडद्याचें क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट होतें. प्रचलित ठोकताळा असा कीं, बसण्याचें अंतर इंचांत मोजून त्यास १.६ नें भागावें आणि येईल त्या आंकड्याच्या जवळपासचा संच घ्यावा. आठ फुटांस, म्हणजे ९६ इंचांस, उत्तर ६० येतें. परंतु एकत्र कुटुंबांत बसण्याचें अंतर तें कोणाचें धरावयाचें? आमच्याकडे मुलें सतरंजीवर पांच फुटांवर, आम्ही कोचावर आठ फुटांवर आणि अण्णा अकरा फुटांवर. अशा ठिकाणीं मधलें माप धरावें, मुलांस थोडें मागें व वडिलांस थोडें पुढें घ्यावें. खुर्ची सरकविण्यास पैसे पडत नाहींत.

बिंदूंच्या संख्येचाही असाच भुलावा आहे. ‘फुल एचडी’ पडद्यांत १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारें २०.७ लाख बिंदु असतात, ‘फोर-के’मध्यें त्याच्या चौपट, सुमारें ८३ लाख, आणि ‘एट-के’मध्यें त्याच्याही चौपट. निरोगी डोळा साधारणतः एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा भेद ओळखतो. त्या हिशेबानें ५५ इंची पडद्यापासून सुमारें सात फुटांच्या आंत बसणाऱ्यासच ‘फुल एचडी’ व ‘फोर-के’ यांतला फरक जाणवावा. हल्लीं मोठे संच बहुधा ‘फोर-के’च मिळतात, त्याबद्दल तक्रार नाहीं. परंतु ज्या घरांत दोघांचीं मोतीबिंदूचीं ऑपरेशनें झालीं आहेत, तेथें ‘एट-के’साठीं जादा पैसे मोजण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

तिसरी गोष्ट जागेची, आणि ही फुकटची आहे. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीस, म्हणजे जमिनीपासून सुमारें साडेतीन फुटांवर, असावा. देवाच्या तसबिरीप्रमाणें तो उंच टांगण्याची जी पद्धति पडत चालली आहे, ती मानेस जाचक आहे. खिडकी पडद्याच्या समोर नसावी. बाजूस असल्यास चालेल, तिलाही जाड पडदा हवा. आम्हीं पुस्तकांचें कपाट दुसऱ्या भिंतीस नेलें आणि संच खालीं उतरविला. दोन माणसांचें एका दुपारचें काम होतें.

चौथी गोष्ट आवाजाची. सर्वांत महत्त्वाची असून दुकानांत जिच्याविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं, ती हीच. सपाट संच जाडीनें इतके कमी झाले आहेत कीं, त्यांत लहान स्पीकर कसेबसे मावतात आणि त्यांचें तोंड बहुधा खालीं किंवा मागें असतें. आवाज प्रथम भिंतीशीं बोलतो, मग आपल्याशीं. तरुण कान तो निवडून घेतात. वार्धक्यांत मात्र ऐकण्याची शक्ति सगळ्या स्वरांत सारखी कमी होत नाहीं. प्रथम वरच्या पट्टीचे ध्वनि जातात. आपल्या भाषेंतील स्वर खालच्या पट्टीचे व भरघोस असतात. स, श, फ, थ यांसारखीं व्यंजनें वरच्या पट्टीचीं आणि नाजूक. त्यामुळें म्हाताऱ्या माणसास बोलणें चालू आहे हें ऐकूं येतें, परंतु काय बोलत आहेत हें कळत नाहीं. आवाज वाढविला तर स्वर व संगीतच अधिक वाढतें. ज्या माणसानें जन्मभर इतरांचे ‘श’ आणि ‘ष’ सुधारले, त्याच्या कानांतून नेमके तेच ध्वनि निसटत होते, आणि आम्ही त्यास झोंप येते असें समजत होतों.

यावर उपाय आहेत. कान प्रथम तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. श्रवणयंत्र लावण्यांत चष्म्याहून अधिक लाजेसारखें कांहीं नाहीं. संचासाठीं ५० हजार रुपये काढून ठेविले असतील तर ४० हजारांचा संच घ्यावा व उरलेले १० हजार साउंडबारसाठीं, म्हणजे पडद्याखालीं ठेवावयाच्या लांबट स्पीकरसाठीं, राखावे. त्याचें तोंड बसणाऱ्यांकडे असतें. साउंडबार जोडावयास संचावर ‘एआरसी’ असें लिहिलेली एचडीएमआयची खांच असावी. संवाद स्पष्ट करण्याची सोय कित्येक संचांत असते, ती चालू करावी. हेडफोन लावल्यावर संचाचा स्वतःचा आवाजही चालू राहतो कीं नाहीं, हें विकत घेण्यापूर्वीं करून पाहावें. कांहीं संचांत तो बंद होतो, आणि मग एकानें ऐकावें व आठांनीं मुके चित्र पाहावें अशी पंचाईत होते. चित्राखालीं अक्षरें येत असतील तर तीं चालू ठेवावीं. वाचणाऱ्या माणसास त्यांचा त्रास होत नाहीं.

पांचवी गोष्ट मांडणीची. दुकानांतील पडदे तेथील भगभगीत दिव्यांत उठून दिसावे म्हणून अतिशय तेजस्वी ठेविलेले असतात. घरीं आणल्यावर ती योजना बदलून घरगुती किंवा चित्रपटाची मांडणी निवडावी. डोळ्यांची चुरचुर बरीच थांबते. हलतें चित्र गुळगुळीत करण्याची एक करामत हल्लींच्या संचांत असते. तीमुळें चांगला चित्रपटही घाईनें उरकलेल्या मालिकेसारखा दिसूं लागतो. टॉम क्रूझ या नटानें डिसेंबर २०१८ मध्यें ती बंद करण्याची प्रेक्षकांस जाहीर विनंति केली होती. क्रिकेटपुरती ती ठेवावयाची तर ठेवावी. जुन्या मालिका चारास तीन या मापाच्या, आणि आजचा पडदा सोळास नऊ. जुनें चित्र ताणून पडदा भरला म्हणजे सडपातळ नट गरगरीत होतात. दोन बाजूंस काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहूं द्याव्या.

आणखी दोन-तीन किरकोळ सूचना. इंटरनेटला जोडलेला संच आपण काय पाहतों याची नोंद ठेवूं शकतो. अमेरिकेंत २०१७ सालीं ग्राहकांस नीट न कळवितां अशी नोंद घेणाऱ्या एका कंपनीस २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावें लागलें. संच प्रथम चालू करितांना ज्या संमत्या विचारल्या जातात, त्या वाचून मग होकार द्यावा. विजेची तारांकित पट्टी पाहावी. संच ८० वॉटचा असेल व दररोज पांच तास चालत असेल तर महिन्यास १२ युनिटें होतात. मृगाच्या सुमारास विजा कडकडूं लागल्या म्हणजे केवळ रिमोटनें संच बंद करून भागत नाहीं. विजेची आणि डिशची, अशा दोन्ही तारा काढून ठेवाव्या. पडदा कोरड्या मऊ फडक्यानें पुसावा. काच पुसण्याचें औषध त्यावर मारूं नये.

आतां अण्णांविषयीं. संच परत करण्याची मुदत केव्हांच टळली होती, म्हणून आहे त्याच संचावर आम्हांस हें सर्व करावें लागलें. तो खालीं उतरला, साउंडबार आला, आणि आमच्या सर्वांत धाकट्या नातीनें आरामखुर्ची स्वतःच ओढून सतरंजीच्या मागें, मध्यभागीं आणून ठेविली. “पणजोबा, आता तुम्ही इथे,” एवढेंच ती म्हणाली. तीन रात्री अण्णा येऊन मुकाट्यानें बसले. चौथ्या रात्रीं बातम्या चालू असतां निवेदकानें ‘विषेश’ म्हटलें, आणि खुर्चींतून आवाज आला, “‘विशेष’ म्हण, बाबा. आधी तालव्य, मग मूर्धन्य.” मुलें खो खो हंसलीं. त्या हंसण्यांत पुढचें एक वाक्य बुडालें, तरी कोणीं ‘शू’ केलें नाहीं.

वाचकांस आमची विनंति इतकीच. दुकानांत जाण्यापूर्वीं एके रात्रीं, घरांतील ज्या माणसास सर्वांत कमी दिसतें व सर्वांत कमी ऐकूं येतें, त्याच्या जागेवर पाव तास बसून पाहावें. मग त्या माणसास बरोबर घेऊन दुकानांत जावें. तें शक्य नसल्यास निदान विचारून तरी जावें. तेथून जो संच चांगला दिसेल व ऐकूं येईल, तो इतर सर्व जागांवरून चांगलाच असतो. उलट हिशेब मात्र जमत नाहीं, हें आम्हीं अनुभवानें लिहीत आहों.